परत जाईन असं लिहून दिलेला माणूस

पहिल्या पुकाराला बँकेतली माणसं दचकायची, दुसऱ्याला हसायची, आणि तिसऱ्या पुकाराला मी काउंटरमागून हात वर करायचे. काका दारातच उभे असायचे. हनुवटी वर, डावा हात छातीवर, जिथे पूर्वी पट्टा असायचा तिथे. आणि पुकार स्वतःच्याच नावाचा. वडिलांचं नाव, आडनाव, राहणार मुरुड, सगळं साग्रसंगीत. "हाजिर हाय काऽऽ?" मग दोन पावलं पुढे येऊन, आवाज एकदम खाली आणून स्वतःच उत्तर द्यायचे, "हाजिर हाय, बाय. घे, सही घे."

काका मुरुडच्या कोर्टात शिपाई होते. अख्खी नोकरी दारात उभं राहून लोकांची नावं पुकारण्यात गेली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, पण ज्याने ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐकलं तो विसरला नसेल. मुरुडात सगळे त्यांना पट्टेवाले काका म्हणत. विहिरीच्या पाण्यावरून, बांधावरून, एका माडाच्या सावलीवरून भांडणारे भाऊ त्यांच्या आवाजाने आत जायचे. माझ्या सासरचीही एक केस होती, वाडीतल्या वाटेची. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव त्यांनी असं पुकारलं होतं म्हणे, की बाजारात मासे घेणारी माणसं थांबली. निकाल काय लागला ते आता घरात कुणालाच आठवत नाही, पुकारा सगळ्यांना आठवतो.

मी बँकेत पेन्शनच्या खिडकीवर बसते. तुमच्या घरात कुणी पेन्शनर असेल तर नोव्हेंबर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. सरकारचा आपल्या माणसांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीवर विश्वास असतो, पण ती माणसं अजून जिवंत आहेत यावर नसतो. म्हणून दर नोव्हेंबरला सगळ्यांनी बँकेत यायचं, यादीत आपल्या नावापुढे सही करायची, आणि हयात आहोत हे दाखवून जायचं. काठ्या, रिक्षा, हातात धरून आणलेल्या आज्या, सहीसाठी चष्मा विसरलेले आजोबा. मला त्या महिन्यात कुणी गोड बोललेलं खपत नाही. काका मात्र खपायचे.

त्यांची बायको गेली आणि बौद्धवाडीतल्या घरात ते एकटे राहिले. मुलगा कॅनडात, चांगल्या नोकरीत. शिष्यवृत्तीवर शिकलेला, त्या पोराचं वाडीला अजून कौतुक आहे. त्याने बापाला बोलावलं. तेव्हा एका दुपारी काका माझ्याकडे खात्याचा उतारा आणि पेन्शन मिळते असं बँकेचं पत्र मागायला आले. आनंदात होते. मला वाटलं परदेश बघायला मिळणार म्हणून. तर ते नव्हतं.

"बाय, व्हिसावाले इचारतात, परत कशावरून जाल? पुरावा द्या."

"मग?"

"मंग काय! घर दाखवलं. चार माड दाखवले. पेन्शन मुरुडात हाय, ती दाखवायची. आनी खाली लिहून दिलं, मी मुदतीत परत जाईन. सही केली." ते खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "किती वरसांनी कुनी इचारलं बघ, तुमचं हितं काय हाय म्हनून."

आता तुम्ही-आम्ही असं लिहून देतो तेव्हा आपल्याला ठाऊक असतं की हे लिहायचं असतं म्हणून लिहायचं. पण ज्या माणसाने सगळा जन्म शपथेवर बोलणारी माणसं बघण्यात घालवला, त्याला ते कसं कळावं? काकांनी ते प्रतिज्ञापत्र मानलं. सहा महिन्यांचा पाहुण्याचा व्हिसा होता. मुलाने ठरवलं होतं की तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेऊ, तसा अर्ज करता येतो. काकांनी ऐकलं नाही. नोव्हेंबरात दारात हजर! गालावर तिकडच्या थंडीचा काळपट डाग आणि हातात सुनेने दिलेला चॉकलेटचा डबा. तो त्यांनी रांगेतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला उघडून दाखवला आणि मधुमेह नसेल त्यालाच दिला.

"पोरगा बोल्ला, बाबा, ते असंच लिहायचं असतं. मी बोल्लो, बाबा रे, साहेबासमोर असंच काय नसतं."

त्यानंतर काकांचा तो नेमच झाला. मे महिन्याच्या आगेमागे जायचं, नोव्हेंबरला यायचं. आल्यावर माझ्याकडे सही, मग घर झाडून घ्यायचं, माडांना पाणी सोडणाऱ्याशी हुज्जत घालायची. सहा डिसेंबरला वाडीच्या गाडीतून दादरला जायचं. परतीच्या वेळी गाडीत कोण चढलं आणि कोण राहिलं हे काकांनीच पुकारायचं, हा वाडीचा रिवाज. एका वर्षी त्यांना सर्दी झाली म्हणून दुसऱ्या कुणी नावं घेतली, तर एक म्हातारी तिथेच राहिली. पुढच्या एस.टी.ने आली बिचारी. त्यावरून काकांनी वर्षभर वाडीला ऐकवलं.

आणि बँकेच्या पायरीवर त्यांचं दुसरंच एक दुकान सुरू झालं. मुरुडात आता घरटी एक पोर बाहेर आहे. कुणाचा आखातात, कुणाची मुलगी ऑस्ट्रेलियात. सही करून झाली की पेन्शनर मंडळी पायरीवर काकांना गाठायची. काका ऐटीत पाय पसरून निकाल दिल्यासारखे सांगायचे.

"तीन वाटा असतात. एक पाहुण्याचा व्हिसा. सहा महिनं ऱ्हा आनी निघा. दुसरा सुपर व्हिसा. त्यात सुपर काय ते मला इचारू नका. आई-बापासाठीच असतो. पोराचा पगार बघतात, तिकडचा दवाखान्याचा विमा काढायला लावतात, मंग पाच वरसं एका दमात ऱ्हावा. तिसरा कायमचा. पन त्याला चिठ्ठ्या टाकतात. तिथं आपला नंबर लागेस्तवर हितं आपला नंबर लागतो."

सगळे हसायचे. हायस्कूलच्या निवृत्त बाई, ज्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात, त्यांनी एकदा विचारलं, "ते सगळं खरं. पण तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

काकांनी पसरलेले पाय आखडून घेतले. "पाहुन्याचा," म्हणाले. "त्याला निदान जायची तारीख असते."

बाईंना वाटलं गंमत केली. त्या हसल्या. मी दाराशी चहाला उभी होते, मला हसू आलं नाही.

मग एका वर्षी, एप्रिलअखेरीस, परत जायच्या आठवड्यात काका मागच्या पडवीत कोसळले. छातीत कळ आली होती. शेजारणीची बकरी त्यांच्या आवारात शिरली म्हणून ती तिला हाकलायला आली, तेव्हा तिला ते दिसले. बकरी नसती तर काय झालं असतं, हे मुरुडातल्या सगळ्यांनी त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलं. आपल्याकडे अशी बातमी सांगणारे कमी नसतात. मुलगा विमानाने आला, बापाला घेऊन गेला, आणि त्याने सुपर व्हिसाची खटपट केली. तिकडच्या डॉक्टरांची तपासणी, विमा, पगाराचे कागद, सगळं त्याने केलं. चांगला मुलगा आहे, हे मी मुद्दाम लिहिते. असल्या गोष्टीत मुलाला नाव ठेवून मोकळं होणं फार सोपं असतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्याचा मला फोन आला. "मॅडम, बाबा म्हणतात नोव्हेंबरला यावंच लागतं. त्यांची छाती अशी, प्रवास केवढा! हयातीचा दाखला आता मोबाईलवर होतो असं ऐकलंय. होतो का?"

मी उत्तर देणार, तोच फोनवर त्याच्या मागून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मला ओळखू आला. कोर्टात वकील भलतं बोलायला लागला की काका असे खोकत असत म्हणे.

"आमच्या शाखेत नाही होत," मी म्हटलं. "इथे साहेबांसमोर प्रत्यक्ष यावं लागतं."

शाखेत त्या वेळी यंत्र आलेलं नव्हतं, त्यामुळे हे खोटं नव्हतं. दुसरीकडून झालं असतं का, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायला मी काय त्यांची वैरीण होते? नोव्हेंबरात काका आले. सही करताना मान वर न करता म्हणाले, "साक्ष बरी दिलीस."

त्याच मुक्कामात ते मला आगरदांड्याला भेटले. माझं माहेर खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला. रविवारी मी जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत होते, तर काका तिकीट काढून उभे. स्वच्छ शर्ट, पायात तिकडून आणलेले पांढरे बूट.

"काका, दिघीला कुणाकडे?"

"कुनाकडे न्हाय. जातो नि ह्याच बोटीनं परत येतो."

"का हो?"

"व्हिसा लागत न्हाय," म्हणाले. "कुनी इचारत न्हाय किती दिवस ऱ्हानार."

बोट सुटली. गाड्या खाली, माणसं वर. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. मी विचारलं, तिकडे करमतं का. हा प्रश्न सगळेच विचारतात आणि सगळ्यांना ते घराचं, रस्त्यांचं, बर्फाचं कौतुक सांगत. त्या दिवशी बहुधा इंजिनाच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून असेल, खरं बोलले.

"घर गरम हाय. सून चांगली हाय, भाकरी थापायला शिकली माझ्यासाठी. पन सकाळी दोघं जातात, नात शाळेत जाते, मंग मी. खिडकीतून बघतो. रस्त्यात मानूसच न्हाय गं. गाडी येते, घराचं दार आपोआप वर होतं, गाडी आत जाते, दार खाली. कोन राहतं समोर, मला ठाव न्हाय. आनी बोलायचं हळू. भिंती पातळ, लाकडाच्या. मी जरा बोल्लो की नात कानावर हात ठेवते. मंग मी बोलतच न्हाय."

"मग दिवसभर करता काय?"

"एक दिवस काय केलं सांगू? हसशील. मागं मोठी बाग हाय, पहिला बर्फ पडलेला, कुनी नव्हतं. म्हटलं बघू आवाज ऱ्हायलाय का. तर कुनाला पुकारू? तोंडात नाव आलं ते तुझ्या काकीचं. पुकारलं. पुरं नाव, आडनाव, राहनार मुरुड. तीन येळा."

मी त्यांच्याकडे वळले.

"तिसऱ्या पुकाराला आलं न्हाय की गैरहजर लिहायचं असतं," काका म्हणाले, आणि त्यांनीच आधी हसून दाखवलं. मला हसणं जमलं नाही. मी पदराने तोंड पुसलं, वाऱ्याने पाणी उडत होतंच. दिघीला मी उतरले. काका बोटीवरच राहिले आणि गाड्या चढेपर्यंत तिथून मला हात करत होते.

त्या माणसाचं दुखणं मला त्या दिवशी कळलं. सुपर व्हिसानंतर मुरुडात वर्षातला हा एकच महिना उरला होता, आणि याच महिन्यात त्यांना तुम्ही कोण असं कुणाला विचारावं लागत नव्हतं. पेन्शन, सही, लिहून दिलेला शब्द, ही सगळी त्या एका महिन्यासाठी लावलेली टेकणं होती. नातीवर त्यांचा जीव होता, मुलाला दुखवायचं नव्हतं. स्वतःहून "मला मुरुडला जायचंय" असं ते कधीच म्हणाले नसते. सरकार बोलावतं म्हणून जावं लागतं, एवढंच त्यांना म्हणता येत होतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात मुलाचा फोन आला. काकांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. निभावलं, पण डॉक्टरांनी विमानप्रवास बंद सांगितला होता. "निदान सध्या तरी," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजावरून हे "सध्या" किती लांब असणार ते कळत होतं. व्हिसाला अजून बरीच मुदत आहे, वाढवताही येईल, तेव्हा राहण्याची काळजी नाही, असंही त्याने सांगितलं. मी बरं म्हटलं. याच सुमारास आमच्याकडे नवीन साहेब आले होते आणि त्यांच्याबरोबर शाळेतल्या पाटीएवढं एक यंत्र. परगावच्या पेन्शनरांना त्यावर व्हिडिओ कॉल करायचा. त्यांनी पेन्शनचं पुस्तक दाखवायचं, पडद्यावर आलेला आकडा मोठ्याने वाचायचा, डोळे मिचकवायचे. मग आम्ही "मान्य" किंवा "अमान्य" दाबायचं. अमान्य झालं तर त्या माणसाने प्रत्यक्ष यायचं, नाहीतर पेन्शन बंद.

नोव्हेंबरात दुपारी उशिरा मी काकांना कॉल लावला. बँकेत रांग होती, हायस्कूलच्या बाई रांगेतच होत्या. तिकडे पहाट होती. पडद्यावर काका आले. डोक्याला कानटोपी, गळ्याशी स्वेटरचं बटण लावलेलं, गाल आत गेलेले. मागे सोफा आणि बंद पडदे. मुलगा बाजूला उभा होता, त्याचा फक्त कप धरलेला हात दिसत होता.

"काका, ओळखलंत का?"

त्यांनी मान हलवली. पुस्तक दाखवलं. आकडा आला. ओठ हलले, आवाज आला नाही. यंत्राने लाल अक्षरात सांगितलं, आवाज अस्पष्ट, पुन्हा प्रयत्न करा.

"काका, मोठ्याने म्हणा."

त्यांनी वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. नात झोपली होती. दुसऱ्यांदाही तेच झालं. मुलगा म्हणाला, मी चार्जर आणतो बाबा, बॅटरी कमी आहे, आणि तो हात पडद्यावरून गेला. काका झटकन पुढे झुकले. त्यांचं कपाळ आणि डोळेच तेवढे दिसायला लागले.

"बाय," ते कुजबुजले, "आवाज न्हाय आला ना? मंग अमान्यवर दाब."

"काका..."

"दाब गं. मंग मला यावं लागेल. सरकारच बोलावतंय म्हटल्यावर तो तरी काय करील? सहा डिसेंबरपर्यंत येतो. माडांचं बघतो. मंग काय व्हायचं ते तिथं होऊ दे."

हे बोलताना त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. सोफ्यावर बसून बोलायला ज्याला दम लागतो, तो माणूस सांगत होता, मला विमानात बसव. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, माझं बोट अमान्यवर गेलं होतं. कारण काकांनी मागितलेलं काही फार नव्हतं. स्वतःच्या घरात यायचं होतं. पण मला ती बकरी आठवली, पडवी आठवली, आणि चांगला मुलगा, जो पुन्हा तसा फोन घेणार होता. आपल्या माणसाला त्याच्या मनासारखं मरू द्यावं की नकोसं जगू द्यावं, हे ठरवणारी मी कोण? एक पेन्शनच्या खिडकीवरची बाई. पण बटण माझ्याच हाताखाली होतं.

मुलगा परत आला. "झालं का, मॅडम?"

"आकडा ऐकू आला," मी म्हटलं. "काका, डोळे मिचकवा."

काका माझ्याकडे बघत राहिले. किती तरी वेळ त्यांनी पापणी हलवली नाही. मग त्यांनी डोळे मिटले, आणि ते पुन्हा उघडल्यावर मी मान्य दाबलं.

मुलाने आभार मानले. पुढच्या वर्षीही असंच करू, किती सोपं झालं, म्हणाला. काका काही तरी बोलले, मला कळलं नाही. मी यंत्र कानाशी नेलं.

"म्हंजे आता मी यायला नको?"

"नको, काका."

त्यांनी कानामागे हात धरला. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. माझ्या मागे रांगेत खोकणं, पिशव्यांची खुसफुस चालली होती. मी पुन्हा म्हटलं. तरी त्यांचा हात कानामागेच. मग मला आवाज चढवावा लागला, बँकेतल्या सगळ्यांच्या माना वळतील इतका.

"नको, काका! यायला नको!"

हायस्कूलच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. पडद्यावर काकांनी कानामागचा हात खाली घेतला आणि मान हलवली. या वेळी त्यांना नीट ऐकू गेलं होतं.